जाम नदीच्या पात्रातील ते दोघे
गोटमारीच्या दंतकथेचा शेवट कोणता?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या काठी उभा राहिलेला बाहेरगावचा पाहुणा पहिला प्रश्न विचारतो, 'हे दगड कशासाठी?' उत्तर म्हणून त्याला एक गोष्ट सांगितली जाते. पांढुर्ण्याचा एक तरुण आणि नदीपलीकडच्या सावरगावची एक तरुणी. दोघांचे मन जुळले. घरच्यांची संमती मिळण्यासारखी नव्हती. पहाटे दोघे पळून निघाले आणि नदीच्या मध्यावर असताना त्यांच्यावर दगड येऊ लागले. पाहुणा मग दुसरा प्रश्न विचारतो, 'पुढे त्यांचे काय झाले?' आणि येथे उत्तरांना फाटे फुटतात. कोणी सांगतो, दोघेही नदीतच मेले. कोणी सांगतो, मेले नाहीत, पांढुर्णेकरांनी त्यांना सुखरूप सोडवून आणले. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे.

प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. ज्यांच्या अस्तित्वालाच पुरावा नाही त्यांच्या मरणाची चौकशी काय करायची, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु या गोष्टीच्या नावाने दरवर्षी खरे दगड उचलले जातात, खरी डोकी फुटतात आणि काही वेळा खरी माणसे मरतात. एखादी कथा जेव्हा इतकी किंमत मागते, तेव्हा ती नेमके काय सांगते हे तपासून पाहणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कामच ठरते.

प्रथम स्थळ आणि प्रसंग. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि संत्र्याच्या बागांचा, कपाशीचा हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. कचेरीची भाषा हिंदी झाली. सणवार, नातीगोती आणि शेतातली बोली मराठीच राहिली. 'गोटमार' हा शब्दच याची साक्ष देतो. पाण्याने घासून गुळगुळीत झालेला वाटोळा दगड तो गोटा, आणि त्याचा मार ती गोटमार. हिंदी वर्तमानपत्रे या शब्दाचे भाषांतर करीत नाहीत, तो तसाच छापतात.

तिथीच्या बाबतीतही ही सीमा जाणवते. आपण ज्या अमावास्येला श्रावणातली म्हणतो, तिलाच उत्तरेकडील पंचांगे भाद्रपदातली म्हणतात, कारण आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे एकाच रात्रीला या भागात दोन महिन्यांची नावे आहेत. हिंदीत लिहिलेल्या हकीकतीत ते दोघे भाद्रपदाच्या अमावास्येनंतरच्या पहाटे पळतात, तर मराठी घरात सांगितलेल्या गोष्टीत श्रावण संपल्यावरच्या पहाटे. पहाट एकच. कथेचे जे दोन शेवट आपण पाहणार आहोत त्यांचा उगम मात्र इतका निरुपद्रवी नाही.

आता विधी. पोळ्याच्या सुमारास सावरगावचे लोक जंगलातून पळसाचे झाड तोडून आणतात आणि नदीच्या पात्राच्या मध्यभागी रोवतात. त्याला लाल कापड, तोरण, नारळ, हार वाहून पूजा होते. यालाच झेंडा म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेनंतर दोन्ही काठांवरून दगडफेक सुरू होते. ढोल वाजत असतात, 'भगाव, भगाव'च्या आरोळ्या उठत असतात; कधी पांढुर्ण्याची फळी पुढे सरकते, कधी सावरगावची. दुपार कलल्यावर जोर वाढतो. पांढुर्ण्याकडचे काही जण कुऱ्हाडी घेऊन झेंड्यापर्यंत पोचण्याचा प्रयत्न करतात आणि सावरगावकर त्यांना दगडांनी मागे रेटतात. झेंडा तुटला की दोन्ही बाजूंचे दगड थांबतात, लोक एकमेकांना भेटतात आणि झेंडा वाजतगाजत चंडीमातेच्या देवळात नेला जातो. संध्याकाळपर्यंत तो तुटलाच नाही, तर अधिकारी आणि गावची वडीलधारी मंडळी मध्ये पडतात आणि समझोता करून खेळ थांबवतात.

या विधीचे कारण म्हणून जी कथा सांगतात तिचे तीन पाठ आहेत. पहिल्या पाठात दोघे नदीच्या मध्यावर असताना सावरगावकर त्यांच्यावर दगड टाकू लागतात. ही बातमी कळताच पांढुर्णेकर आपल्या काठावरून उलट मारा करतात. दोन्हीकडच्या दगडांखाली ते दोघे मरतात. मग दोन्ही गावांना लाज वाटते. पात्रात उतरून लोक दोन्ही प्रेते उचलतात, किल्ल्यावरच्या चंडीमातेपुढे नेऊन ठेवतात, पूजा करतात आणि नंतर अंत्यसंस्कार करतात. दुसऱ्या पाठात सुरुवात तीच, पण पांढुर्ण्याचा मारा इतका जोराचा होतो की सावरगावकर मागे हटतात आणि ते दोघे अलीकडच्या काठाला लागतात. तिसरा पाठ या दोघांना कथेतून काढूनच टाकतो. त्यात नदीकाठच्या किल्ल्यावर नागपूरकर भोसल्यांची फौज चालून येते आणि हातात शस्त्रे नसलेले किल्ल्यातले लोक दगडांच्या माऱ्याने तिला परतवतात.

इतिहासाच्या कसोटीवर यांपैकी तिसराच पाठ घासून पाहता येतो, कारण त्यातच काही ओळखू येणारी नावे आहेत. तो सांगणारे कधी 'हजारो वर्षांपूर्वी' अशी सुरुवात करतात आणि किल्ल्याचे धनी पेंढारी होते असे म्हणतात. भोसल्यांची सत्ता या भागात आली ती अठराव्या शतकाच्या मध्याला, देवगडच्या गोंड राजघराण्यातील भांडणे मिटवायला आलेल्या पहिल्या रघूजींबरोबर. पेंढारी म्हणून इतिहासाला ज्यांची ओळख आहे, त्यांचा जोर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१७-१८ च्या मोहिमेपर्यंतचा. म्हणजे हजारो वर्षे बाजूला ठेवावीच लागतात. उरते ती स्मृती एवढीच की, बाहेरून फौज आली होती आणि गावाजवळ दगडाखेरीज काही नव्हते. अशी स्मृती या मुलखातल्या कोणत्याही गढीला शोभेल.

पहिल्या दोन पाठांत तर पकडायलाही काही नाही. तरुणाचे नाव नाही, तरुणीचे नाव नाही, जात नाही, राजा नाही, साल नाही. ही उणीव लक्षात घेण्याजोगी आहे. पंजाबच्या कथेत चिनाब नदीत बुडणाऱ्या सोहनीला नाव आहे, तिच्या महिवालाला नाव आहे, कच्च्या मडक्यापर्यंतचा तपशील आहे. जाम नदीतल्या दोघांना लोकांनी एवढेही दिले नाही. त्यांची ओळख फक्त त्यांच्या गावांची. तो पांढुर्ण्याचा आणि ती सावरगावची. कथेला माणसे नकोच आहेत, दोन काठ हवे आहेत, असे वाटू लागते.

नाव आणि कागद असते तर शंका मिटली असती का, हाही प्रश्नच आहे. मराठ्यांच्या इतिहासात याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. शुजाउद्दौल्याच्या चाकरीत असलेल्या काशीराज पंडिताने रणांगणावर भाऊंचे प्रेत शोधून ओळख पटवल्याची हकीकत लिहून ठेवली आहे. परंतु धड आधी सापडले, शीर मागाहून, आणि एवढी फट शंकेला पुरली. पार्वतीबाईंनी पती निवर्तल्याचे मानले नाही आणि अखेरपर्यंत सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. पुढे सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. तो पकडला गेला, कैदेत पडला, आणि रत्नागिरीहून सुटून १७७६ साली त्याने कोकणात एवढे बंड माजवले की पेशव्यांच्या सरदारांना त्याच्यावर फौज न्यावी लागली. त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावर आहे. तोतयाला मिळालेले बळ त्याच्या सोंगातून आलेले नव्हते. पानिपताने ज्यांची घरे रिकामी केली होती, त्यांना भाऊ परतलेला हवा होता; भाऊ परतला तर कदाचित आपलाही कोणी परतेल, हा त्यामागचा अबोल हिशेब होता.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. १८५८ च्या नोव्हेंबरात तात्या टोपे नर्मदा ओलांडून पांढुर्ण्याच्या शेजारच्या मुलताईपर्यंत आले होते. नागपूरचा रस्ता अडलेला पाहून ते पश्चिमेकडे वळले. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे त्यांना फाशी दिल्याची सरकारी नोंद आहे. तरीही फासावर गेला तो दुसराच कोणी, तात्या निसटले, किंवा ते त्यापूर्वीच लढाईत पडले होते, अशी मते पुढे पुस्तकांतूनही मांडली गेली. नोंद इंग्रजांची होती आणि तिच्यावर विश्वास ठेवायला लोक तयार नव्हते.

या दोन उदाहरणांत आणि आपल्या कथेत एक महत्त्वाचे अंतर आहे. भाऊ आणि तात्या यांच्याबाबतीत खरे उत्तर एकच असू शकते, मग ते आपल्याला पटो वा न पटो. जाम नदीतल्या दोघांच्या बाबतीत कथेबाहेर उत्तर नाही. त्यांची स्थिती कादंबरीतल्या पात्रासारखी आहे. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून नाहीसा केला, तेव्हा वाचकांनी ते मरण मानले नाही आणि अखेर १९०३ मध्ये लेखकालाच त्याला परत आणावे लागले. अलीकडे अद्भुतरम्य कादंबऱ्यांतला आवडता वीर पडला की तरुण वाचक हीच उलटतपासणी घेतात. प्रेत दाखवले का? शेवटचा श्वास कोणी पाहिला? वर्णनात 'मेला' हा शब्द आहे की नुसता 'पडला'? ही वकिली हास्यास्पद मानू नये. लेखकाने न सांगितलेले ते शोधत असतात, आणि त्यासाठी त्यांना फार बारकाईने वाचावे लागते. आपल्या कथेला लेखक नाही. म्हणून ही बारीक नजर आपल्याला विधीवर रोखावी लागेल, कारण कथेच्या मानाने विधी कमी बदलतो.

विधीत पहिली खूण दिसते ती झेंड्याच्या मिरवणुकीची. झेंडा तुटल्यावर तो चंडीमातेकडे नेतात, आणि पहिल्या पाठात प्रेतेही चंडीमातेकडेच नेली जातात. यावरून मृत्यूचा पाठ जुना आणि खरा, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण नवे जोडपेही घरात पाऊल टाकण्याआधी ग्रामदेवतेच्या पाया पडायला जाते. वाजंत्री, मिरवणूक, हार, तोरण, नारळ ही सारी सामग्री लग्नाचीही आहे. शिवाय उलट शक्यताही धरली पाहिजे. आधी विधी असेल, झेंडा देवीकडे नेण्याची चाल असेल, आणि ती का, हे सांगण्यासाठी मागाहून कथा जुळवली गेली असेल. तसे असेल तर कथा आणि विधी जुळतात यात नवल नाही. एकावरून दुसरे बेतले गेले आहे.

दुसरी खूण पळसाची. धर्मशास्त्रात पालाशविधी नावाचा एक संस्कार सांगितला आहे. परदेशी किंवा पाण्यात मेलेल्या माणसाचे प्रेत हाती लागले नाही, तर पळसाच्या तीनशे साठ देठांची, मस्तकाच्या जागी नारळ ठेवून, आकृती करतात आणि तिला अग्नी देतात. नदीच्या मध्यावर रोवलेला, नारळ वाहिलेला पळस पाहताना हा विधी आठवल्यावाचून राहत नाही. परंतु त्याच पळसाचा दंड मुंजीत बटूच्या हाती देतात आणि त्याच पळसाच्या पत्रावळींवर लग्नाच्या पंगती उठतात. झाड दोन्ही बाजूंनी साक्ष देते. धर्मशास्त्राने तर याहून पुढचा विचार केला आहे. पालाशविधी झालेला माणूस जिवंत परतला तर काय करायचे, याचीही तरतूद तेथे आहे. त्याला तुपात न्हाऊ घालून, जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करून, त्याचे त्याच्याच पत्नीशी पुन्हा लग्न लावावे, असे सांगितले आहे. मेलेला परत येऊ शकतो, हे आपल्या शास्त्रकारांनी गृहीत धरले होते. त्यांनी एवढेच पाहिले की, तो आला तर त्याने नव्याने जन्मल्यासारखे यावे.

पळसाची तिसरी साक्ष शेतकऱ्याची आहे आणि मला ती सर्वांत वजनदार वाटते. पूर्व विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या भागांत पोळ्याला दारापुढे पळसाच्या डहाळ्या रोवतात. त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे त्या उपटून, रोगराई आणि इडापिडा घेऊन जाण्यास मारबतीला सांगत, गावाच्या शिवेबाहेर टाकतात. नागपुरात याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. काळ्या मारबतीला कोणी पूतना मानतात, तर कोणी इंग्रजांना मिळाल्याचा ठपका बसलेल्या बाकाबाई भोसले यांच्याशी तिचा संबंध जोडतात. तेथेही विधी एक आणि कारणे अनेक. पावसाळ्याच्या मध्यावर, रोगराईच्या दिवसांत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पळस रोवून उपटण्याची आणि गावाची पीडा शिवेवर नेऊन सोडण्याची चाल या साऱ्या मुलखात आहे. पांढुर्णा आणि सावरगाव यांची शीव म्हणजे जाम नदी. तेथे पळस रोवला जाणे, तो उपटण्यावरून दोन गावांत झटापट होणे, हे या मोठ्या चालीचेच एक उग्र रूप असावे, असा माझा तर्क आहे. तो खरा असेल तर दगड आधीचे आणि ते दोघे नंतरचे. कोण्या काळी, कोणा सांगणाऱ्याला या दगडफेकीला माणसाचे कारण द्यावेसे वाटले, आणि त्याने पळसाच्या जागी एक मुलगी व एक मुलगा उभे केले.

अशी बदली उलट दिशेनेही होते. उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातील देवीधुरा येथे वाराही देवीच्या मंदिरासमोर राखीपौर्णिमेला 'बग्वाल' नावाची दगडफेक होते. तेथील कथा सांगते की, चार कुळे आळीपाळीने देवीला नरबळी देत. एका म्हातारीच्या एकुलत्या नातवाची पाळी आली. तिने देवीची करुणा भाकली आणि देवीने सांगितले की बळी नको, एका माणसाच्या अंगात असेल तेवढे रक्त सर्वांनी मिळून सांडावे. म्हणजे देवीधुऱ्याचे दगड एक मरण टळल्याचे दगड आहेत. २०१३ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तेथे दगडांच्या जागी फळे-फुले आली. ती पुरती रुजली असे नाही, पण तेथील कथेत बदलीला आधीच जागा होती. जिथे माणसाऐवजी रक्त चालले, तिथे रक्ताऐवजी फळ चालावे, असे निदान म्हणता तरी येते. पांढुर्ण्यातही प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू आणून ठेवले होते. लोकांनी ते बाजूला सारले आणि दगड घेतले. चेंडूला कथेत जागा नव्हती.

आपल्याच नदीकाठी, सौंसर तालुक्यात, मरणाविषयीची दुसरी एक कथा नांदते आहे. जाम आणि सर्पा यांच्या संगमाजवळ जामसावळी येथे पिंपळाखाली निजलेल्या मारुतीची मूर्ती आहे. मारुती निजला का, याचीही दोन उत्तरे आहेत. एक म्हणते, मूर्ती पूर्वी उभी होती. खाली पुरलेले धन चोरांनी नेऊ नये म्हणून ती आडवी झाली. दुसरे म्हणते, लक्ष्मण मूर्च्छित पडला असताना संजीवनी आणण्याच्या धावपळीत मारुती येथे क्षणभर विसावला. लक्ष्मणाची मूर्च्छा हा 'मेला की नाही' या प्रश्नाचा आपल्याकडचा सर्वांत परिचित प्रसंग. रामही भावाला गेलेला समजून शोक करतो आणि वैद्य येऊन सांगतो की अजून वेळ आहे. जामसावळीच्या पिंपळाखाली बसलेल्या भाविकाला त्या गोष्टीचा शेवट ठाऊक असतो, म्हणून तो निश्चिंतपणे ती ऐकतो. पांढुर्ण्याच्या दोघांसाठी मात्र कोणी संजीवनी आणायला गेलेले नाही. त्यांचे जगणे दुसऱ्या पाठात ज्यांनी मान्य केले, त्यांनी ते औषधाने नव्हे, आपल्या काठाच्या अधिक जोरदार दगडांनी मिळवले.

येथे पाठांमधला खरा फरक उघड होतो. दुसऱ्या पाठात दोघे जगतात हे खरे, पण ती गोष्ट विजयाची आहे. आमच्या गावाने जास्त दगड मारले म्हणून मुलगी आमच्याकडे आली, असा तिचा अर्थ होतो, आणि त्या अर्थाने पुढच्या वर्षी अधिक दगड लागतात. पहिल्या पाठात दोघे मरतात. कोणाच्या दगडाने, हे कथा सांगत नाही. दगड दोन्हीकडून येत होते आणि पात्राच्या मध्यावर ते दोघेच होते. वाचवायला निघालेल्यांच्या दगडानेही ते मेले असतील. हे न सांगणे म्हणजे विसरणे नव्हे. त्या पाठाचा सारा भार त्यावर आहे. म्हणूनच तेथे जिंकलेले गाव नाही. लाज दोघांची, खांदा दोघांचा आणि देवीही दोघांची.

विधी यांपैकी कोणाच्या बाजूचा? वर पाहिल्याप्रमाणे झेंडा काही वर्षी तुटतो आणि काही वर्षी तुटत नाही. विधीने शेवट ठरवून ठेवलेला नाही. रामलीलेत रावण दरवर्षी जळतो, त्यात संशयाला वाव नसतो. जाम नदीत मात्र सकाळी पळस मध्यावर उभा असतो आणि संध्याकाळी त्याचे काय होईल हे कोणालाच ठाऊक नसते. मला वाटते, विधीने उत्तराऐवजी प्रश्न जपला आहे. ते दोघे दरवर्षी पुन्हा नदीच्या मध्यावर उभे केले जातात आणि दोन्ही काठांना पुन्हा विचारले जाते, आता काय करता?

दोन्ही काठ दगड मारून उत्तर देतात. वृत्तपत्रे १९५५ पासूनच्या मृतांची मोजदाद दरवर्षी छापतात, आणि तो आकडा डझनाच्या पुढे गेला आहे. जखमी दर वर्षी शेकड्यांनी मोजावे लागतात. काठावर डॉक्टर बसतात, रुग्णवाहिका उभ्या राहतात, जमावबंदीचे हुकूम निघतात, गोफणीला मनाई होते, आणि तरी दुपारी टाके घालून घेतलेला माणूस संध्याकाळी पुन्हा पात्रात उतरलेला दिसतो. त्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तो आपल्या गावाच्या सर्वांत जुन्या गोष्टीत उतरलेला असतो, आणि वर्षातल्या या एका दिवशी आपले असणे त्याला जेवढे जाणवते तेवढे एरवी जाणवत नाही. मध्य प्रदेशाच्या कडेला राहिलेल्या, नागपूरला परके आणि भोपाळला दूरचे असलेल्या या गावांना ही गोष्ट ओळख देते, हेही नाकारता येणार नाही. पण त्या मृतांविषयी कोणताही पाठभेद नाही. ते मेले की वाचले, असा प्रश्न त्यांच्या घरच्यांना पडत नाही. त्यांची नावे शवविच्छेदनाच्या कागदावर आहेत. दंतकथेतल्या दोघांना नाव नसल्याने त्यांना जगवण्याची मुभा आपल्याला मिळाली. ती या माणसांना मिळालेली नाही.

ते दोघे खरोखरच मेले का, याचे ऐतिहासिक उत्तर देता येत नाही, कारण ते होते असेच म्हणता येत नाही. मात्र पहिले दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचले, तर एक गोष्ट दोन्हींत सारखी आढळते. कथा संपण्यापूर्वी दगड थांबतात. दोघे वाचले असतील, तर ते काठाला लागल्यावर कोणी दगड मारत राहिले, असे कोणताही सांगणारा सांगत नाही. दोघे मेले असतील, तर प्रेते उचलायला दोन्ही गावांचे लोक पात्रात उतरले, म्हणजे त्यांचे हात त्याआधी मोकळे झालेले होते. विधीतही झेंडा तुटला की दगड थांबतात, आणि नाही तुटला तरी समझोत्याने थांबतात. अनेक पिढ्यांनी हा भाग न बदलता पुढे दिला आहे. बाकीचे सारे, नाव, साल, राजा, अगदी मरण आणि जगणेसुद्धा, त्यांनी बदलू दिले.

प्रथा बंद करा म्हणणारे आणि प्रथा हीच आमची ओळख म्हणणारे, अशा दोन्ही पक्षांनी या भागाकडे पाहावे, एवढेच सुचवायचे आहे. बाहेरून आणलेला चेंडू लोकांनी नाकारला, यात आश्चर्य नाही. थांबण्याची जागा मात्र बाहेरून आणावी लागणार नाही; ती कथेतच आहे, आणि ती दोन्ही काठांची आहे. आज ती जागा दिवस मावळताना, शेकडो जखमांनंतर येते. ती सकाळच्या पूजेच्या थोडी जवळ सरकवण्याचा अधिकार पांढुर्णा आणि सावरगाव यांच्याखेरीज दुसऱ्या कोणालाही नाही. ही गोष्ट त्यांची आहे आणि तिचा शेवट अजून त्यांच्याच हाती आहे.